काट्याची दवंडी

देगलूरच्या बाजारात माणिकप्पाला तोंडावरून ओळखणारे थोडे आणि आवाजावरून ओळखणारे सगळे. हॉटेलात शिरून त्यानं नुसतं "एक हाफ चहा" म्हटलं, की पाठमोरी बसलेली माणसं वळायची आणि सवयीनं विचारायची, "काय हाय आज? सर्कस का सेल?"

त्याच्याकडं एक तीनचाकी टेम्पो होता, टपावर दोन भोंगे, आत बॅटरी, आणि हातात माईक. साड्यांचा सेल, जत्रेतल्या कुस्त्या, बियाण्याचं नवं दुकान, हरवलेलं पोरगं, सापडलेली म्हैस, जे काही चार गावांना कळायला पाहिजे ते माणिकप्पाच्या तोंडून कळायचं. शिवाय देगलूर पडलं सीमेवर. इकडून निघालं की तेलंगणा, तिकडून निघालं की कर्नाटक. एकच गोष्ट तिन्ही भाषांत सांगावी लागायची. मराठी शाळेतली, तेलुगू बाजारातली आणि कन्नड आईची. त्यामुळं मराठीत तो जरब बसवायचा, तेलुगूत गिऱ्हाईक पटवायचा आणि कन्नडात घरातल्या माणसाशी बोलल्यासारखा बोलायचा.

अलीकडं लोक आवाज भरून पेन ड्राइव्ह लावायचे. माणिकप्पाला ते अजिबात पसंत नव्हतं. "पेन ड्राइव्हला समोर बसलेली म्हातारी दिसत न्हाई," तो म्हणायचा. "म्हातारी दिसली की आवाज बदलतो राजा."

करोना आला आणि बाजारच बंद झाला. सर्कस नाही, कुस्ती नाही, सेल नाही. टेम्पो अंगणात उभा राहिला आणि एका भोंग्यात चिमणीनं घरटं केलं. माणिकप्पाच्या गळ्याला काही काम उरलं नाही, तेव्हा तो घरातच सुरू झाला. भाजी चुलीवरून उतरली की माजघरातून पुकारा व्हायचा, "वांग्याची गरमागरम भाजी, मर्यादित साठा!" त्याची बायको उमादेवी कपाळावर हात मारून घ्यायची. "एन्री, अहो, शेजारची माणसं ताट घेऊन येतील की!"

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून बोलावणं आलं. डॉक्टर लुंबिनी सोनकांबळे नव्यानंच रुजू झालेल्या, वयानं तिशीच्या आतल्या, दिवसभर मास्कमध्ये राहून नाकावर वळ उमटलेला. त्यांनी एक छापील कागद त्याच्या हातात दिला. "काका, पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांनी लस घ्यायची आहे. एवढं गावोगाव वाचून दाखवा."

माणिकप्पानं कागद वाचला. सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की. त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, ह्यानं तर कुत्रंबी मान वर करणार न्हाई. लस करती काय, ते सांगा की."

बाहेर रांग लागली होती. लुंबिनी मॅडम एका हातानं सही करत, दुसऱ्या हातानं फोन धरत म्हणाल्या, "विषाणूवर काट्यासारखी टोकं असतात ना, तो चित्रात दाखवतात तसा. त्या काट्यानं तो आपल्या शरीरात शिरतो. लसीमुळं शरीराला तो काटा ओळखता येतो. बस, एवढंच." आणि त्या आत गेल्या.

माणिकप्पाला एवढंच पुरेसं होतं. काटा! असला शब्द अनाउन्सरला जन्मात एकदा सापडतो. त्यातून तेलुगूतही काट्याला मुल्लु आणि कन्नडातही जवळजवळ तसंच. एका शब्दात दोन राज्यांचं काम झालं. त्यानं चिमणीचं घरटं अलगद काढून आंब्याच्या फांदीत ठेवलं, भोंगे पुसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो बाहेर काढला.

"ऐका हो ऐका! करोनाच्या अंगाला काटे! त्या काट्यानं त्यो माणसाला धरतो! पण घाबरू नका, घाबरू नका! त्योच काटा आता लसीत आलाय! एक सुई, एक काटा, करोनाला टाटा!"

पोरं टेम्पोच्या मागं 'टाटा टाटा' करत पळाली. लई दिवसांनी त्याला आपण कामाचे आहोत असं वाटलं. संध्याकाळी घरी आला तो आवाज बसवूनच, पण खुशीत.

शिबिर होतं वझरवाडीला. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, खुर्च्या लांब लांब ठेवल्या, नर्सबाई लसींचा डबा घेऊन बसल्या. दुपार झाली तरी माणूस फिरकलं नाही. फक्त एक बकरी येऊन सावलीला बसली.

माणिकप्पाचा जुना दोस्त शेषेराव ह्याच गावचा. सोयाबीन, तूर, थोडा ऊस, आणि हातात अखंड मोबाईल. लहानपणी दोघं एका बाकावर बसायचे आणि तेव्हापासून भांडायचे. माणिकप्पा त्याला शोधत चावडीवर गेला.

"शेष्या, लोक का येऊन नाही राहिले बे?"

"कसे येतील? तूच तर भोंग्यावर सांगून गेलास, सुईतून काटा घालतात म्हणून."

"म्या? म्या कधी?"

"लसीत काटा हाय म्हणलास का न्हाई? त्यो काटा रगतात फिरणार, फिरत फिरत काळजात जाऊन टोचणार. हे बघ, हिंदीत एक माणूस सांगून राहिला." शेषेरावानं मोबाईल पुढं केला. पडद्यावर टाय लावलेला कुणीतरी लालभडक रक्तात फिरणारे काटेरी गोळे दाखवत होता आणि म्हणत होता की स्पाइक प्रोटीन हेच खरं विष आहे. "आमाला ह्याच्यावर भरवसा नव्हता. पण देगलूरचा माणिकप्पाबी तेच सांगतो म्हणल्यावर सगळ्यांला पटलं. गावाला चांगला टाटा केलास तू."

इतक्या वर्षांत माणिकप्पाच्या भोंग्यावरून एक म्हैस चुकीच्या मालकाकडं गेली नव्हती, आणि आता अख्खं गाव लसीला भिऊन घरात बसलं होतं.

तो तसाच आरोग्य केंद्रात गेला. मॅडमना सगळं सांगितलं. 'एक सुई, एक काटा' ऐकल्यावर मॅडम आधी हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग खुर्चीत टेकल्या.

"चूक माझीच आहे," त्या म्हणाल्या. "दारात उभं राहून असं सांगायचं नसतं. बसा काका."

"मॅडम, मला समजंल असं सांगा. पुन्हा चुकलो तर भोंगा इकून टाकतो."

मॅडमनी टेबलावरची रिकामी कुपी उचलली. "ही कोविशिल्ड. ह्यात काटा नसतो. दुसऱ्याच एका साध्या विषाणूला निकामी करून त्याच्यासोबत एक सूचना पाठवतात, काटा कसा बनवायचा त्याची. आपल्याच शरीरातल्या काही पेशी ती सूचना वाचतात आणि थोडे दिवस तो काटा बनवतात. नुसता काटा. मागं करोना नाही. शरीराच्या लक्षात येतं की हा आपल्यातला नाही, आणि त्याच्याशी लढायची तयारी होते. मग ती सूचना मोडून जाते, काटेही मोडून जातात."

"आन् ती दुसरी? कोव्हॅक्सिन?"

"तिच्यात मारलेला करोनाच असतो, अख्खा."

माणिकप्पानं कुपी हातात घेऊन फिरवून बघितली. मग एकदम म्हणाला, "मॅडम, जत्रेत पोरगं हरवलं की म्या काय करतो? अंगात लाल सदरा, गालावर तीळ, असं भोंग्यावर सांगतो. पोरगं माझ्याजवळ नसतं. म्या फक्त खूण सांगतो. भोंगा बंद झाला, आवाज इरून गेला, तरी खूण बाजाराच्या ध्यानात ऱ्हाती. मग पोरगं दिसलं की धा जण धरतात. तसं म्हणायचं का?"

मॅडम सरसावून बसल्या. "जवळजवळ तसंच. फक्त एक. काटा थोडे दिवस शरीरात खरंच तयार होतो, ते लपवू नका. नुसती खूण असते म्हणालात आणि उद्या कुणी मोबाईलवर खरं वाचलं, तर पुन्हा आपणच खोटे."

"ते सांगितलं तर पुन्हा भितील की लोक."

"मग त्यांना विचारू द्या. मी येते."

अशी वझरवाडीच्या मारुतीसमोरच्या पारावर सभा भरली. माणसं लांब लांब बसली, तोंडाला कुणाच्या मास्क, कुणाच्या उपरणं. ज्याला प्रश्न असेल त्यानं उठून बोलायचं, माणिकप्पा तो प्रश्न माईकवर जसाच्या तसा सांगणार आणि मॅडम उत्तर देणार. घरात बसलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून भोंगे चारी दिशांना फिरवले होते, आणि बाजूला खुर्ची मांडून नर्सबाई लसींचा डबा घेऊन बसल्या होत्या.

पहिला उठला शेषेराव. तयारी करूनच आला होता. "हे काटे किती दिवस ऱ्हातात? व्हिडिओतला माणूस म्हणतो जलमभर."

"आजवर जे अभ्यास झालेत त्यात ते थोड्या दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जातात असं दिसलंय," मॅडम म्हणाल्या. "लस नवी आहे, अभ्यास अजून चालू आहेत. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते."

"म्हंजे पक्कं ठाऊक न्हाई!"

"पक्कं ठाऊक आहे ते हे, की करोनाही तोच काटा घेऊन येतो. आणि तो थोड्या दिवसांसाठी येत नाही, वाढत जातो. गेल्या महिन्यात ह्याच गावातून किती माणसं नांदेडला नेली, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

मग कुणी विचारलं, लस घेऊनही करोना होतो, मग फायदा काय. कुणी विचारलं, पोरंबाळं होतील का. कुणी विचारलं, लस घेतल्यावर अंगाला चमचा चिकटतो म्हणतात. त्यावर नर्सबाईंनी आपल्या जेवणाच्या डब्यातला चमचा काढून स्वतःच्या दंडाला लावला, तो खाली पडला, आणि सभा हसली.

एवढ्यात बायकांच्या बाजूनं शेषेरावाची बायको साखराबाई उठली. तिचा आवाज बारीक होता, पण तिला माईकची गरज पडली नाही.

"भाऊजी, तुमी घेतली का?"

माणिकप्पानं सवयीनं प्रश्न माईकवर सांगितला, "भाऊजी, तुमी घेतली का?" आणि सांगितल्यावर त्याला कळलं, हा प्रश्न आपल्यालाच आहे.

खरं म्हणजे त्यानं घेतली नव्हती. वय बावन्नचं, नंबर कधीच लागला होता. पण लहानपणी एकदा दंडातच सुई मोडली होती, तेव्हापासून सुई दिसली की त्याचं अंग गार पडायचं. काम लई आहे, ह्या नावाखाली तो दिवस ढकलत होता.

"न्हाई," तो म्हणाला. भोंग्यांनी ते 'न्हाई' चारी दिशांना पोचवलं.

जो गलका झाला तो विचारू नका. शेषेराव तर पाराला टेकून हसत होता. माणिकप्पानं मॅडमकडं पाहिलं, साखराबाईकडं पाहिलं, आणि सदऱ्याची बाही वर करत खुर्चीत जाऊन बसला. "द्या मॅडम. आत्ताच द्या."

नर्सबाईंनी कापूस लावला. माणिकप्पानं डोळे घट्ट मिटले. फक्त एक चूक झाली. दुसऱ्या हातातला माईक चालूच राहिला होता. सुई टोचली आणि "आई गंऽऽ" अशी जी आरोळी उठली, ती शेतात भांगलणाऱ्या बायकांनी ऐकली, शेजारच्या वाडीनं ऐकली आणि पलीकडच्या तेलंगणातल्या गावानंही ऐकली म्हणतात. पोरं हसून हसून मातीत लोळली. माणिकप्पानं डोळे उघडले, दंडाकडं बघितलं आणि माईकवरच ओशाळून म्हणाला, "झालं का? एवढंच व्हतं व्हय?"

रात्री ताप चढला. मॅडमनी तसं सांगूनच ठेवलं होतं, पण उमादेवीच्या फोनला उसंत मिळेना. ओळखीचे, बिनओळखीचे, सगळ्यांचा एकच सवाल, माणिकप्पा हाय का गेला. शेवटी वैतागून ती म्हणायला लागली, "हाय हाय, गोधडीखाली हाय, आन् तिथूनबी बडबड करून राहिला." सकाळी शेषेराव स्वतः मोटरसायकलवर आला आणि अंगणातल्या बाजेवर ठाण मांडून बसला.

"बघायला आलास?" माणिकप्पा आतून ओरडला.

"हाव. मेलास तर पहिली बातमी मीच देणार."

दुपारी ताप उतरला. माणिकप्पानं वरण-भात खाल्ला, अंगणातच माईक जोडला आणि गल्लीला सांगितलं की माणिकप्पा जिवंत आहे, दंड दुखतो आहे, भूक लागली आहे. मग टेम्पो काढून तेच गावोगाव सांगत फिरला. 'टाटा' आता बंद. लाल सदरा आणि तिळाची गोष्ट तो सांगायचा, काटा थोडे दिवस तयार होतो हेही सांगायचा, आणि कुणी हात वर केला की टेम्पो थांबवायचा. वझरवाडीत पुढच्या शिबिराला गर्दी झाली असं नाही. पण बकरीला सावली मिळाली नाही एवढी माणसं आली. सगळ्यात पुढं साखराबाई. नवऱ्याला न विचारता आली होती.

मृग निघाला तसा मॅडमनी आणखी एक मजकूर दिला. लस घेतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं, छातीत दुखलं, पाय सुजला, तर तसंच दवाखान्यात या. रक्तात गुठळी होऊ शकते. फार क्वचित होतं, पण होतं.

माणिकप्पानं कागद खाली ठेवला. "मॅडम, आत्ता कुठं लोक यायला लागले. हे बोललो तर आलेले पळतील."

"पळू द्या," मॅडम म्हणाल्या. "काका, ज्याला व्हायचंय त्याला वेळेवर कळलं तर तो वाचेल. हे सांगायचंच."

दोन दिवस दोघांत ह्यावरून धुसफूस झाली. शेवटी माणिकप्पानं तो मजकूर तिन्ही भाषांत सांगितला, पण तोंड असं करून, की जणू स्वतःच्याच दुकानाचा माल खराब आहे म्हणून ओरडतोय. त्या आठवड्यात खरंच काही जण रांगेतून परत गेले. आणि शेषेरावानं तर पक्कंच ठरवलं की कोविशिल्ड घ्यायची नाही. पुढं दिवाळीनंतर उदगीरला कोव्हॅक्सिन मिळते असं कळल्यावर तो तिकडं जाऊन घेऊन आला. "त्यातला करोना मेलेला हाय," त्यानं कारण दिलं. "काटे बनवायची मेहनत आपल्या अंगाला न्हाई."

मॅडमची बदली लातूरला झाली. बाजार उघडले, जत्रा भरल्या, भोंगे पुन्हा साड्यांवर आले. लोक करोना विसरले आणि माणिकप्पाही विसरला.

तीन वर्षांनी लोकसभेची निवडणूक आली. कंधार तालुका नांदेड जिल्ह्यात असला तरी मत टाकतो लातूरला, आणि तिथलं मतदान मागाहून होतं. म्हणून एका उमेदवारानं माणिकप्पाला प्रचारासाठी कंधारला बोलावून घेतलं. ऊन मरणाचं होतं. किल्ल्याच्या अलीकडं एका हॉटेलाला टेम्पो लावून तो चहा पीत होता, आणि वर टीव्ही चालू होता. बातमी अशी, की कोविशिल्ड मुळात काढणाऱ्या परदेशातल्या कंपनीनं तिकडच्या कोर्टात कबूल केलं, लसीमुळं क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

हॉटेलात एकदम कालवा झाला. "बघा, आता सांगून राहिले!" "सगळ्यांला टोचून झाल्यावर!" तेवढ्यात माणिकप्पानं आणखी एक चहा मागितला, आणि आवाजानं घात केला.

"ओ, तुम्ही ते काट्यावाले ना?" भागवत नावाचा एक जवान गडी उठून उभा राहिला. सासुरवाडी देगलूरकडची, तिथंच त्यानं लस घेतली होती. "तुमचं ऐकून घेतली आमी. गुठळ्याचं का न्हाई सांगितलं तवा?"

"सांगितलं व्हतं."

"कधी? कुणी ऐकलं?"

पंधरा-वीस माणसं भोवती जमली. माणिकप्पानं उमादेवीला फोन लावला, पण तिलाही आठवेना. "तुमी काय काय बोलत होता, मी कशाला ध्यान देऊ?" ती म्हणाली. मग त्यानं शेषेरावाला लावला आणि फोनच माईकला भिडवला. जे व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे.

"शेष्या, गुठळ्यांचं म्या सांगितलं व्हतं का न्हाई? खरं बोल."

"सांगितलं व्हतं की!" भोंग्यातून शेषेराव गरजला. "डोकं दुखंल, पाय सुजंल, सगळं सांगितलंस. त्याच्यावरच तर म्या कोविशिल्ड घेतली न्हाई! काय झालं? कोण इचारून राहिलं?"

हॉटेल हसलं. भागवतही हसला, जरा नाराजीनंच. माणिकप्पानं लगेच लातूरला लुंबिनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, ही गोष्ट तेव्हाच माहीत होती, कोर्टात आता आली. गुठळी होते ती लसीनंतरच्या काही आठवड्यांत. तीन वर्षांनी कुणी घाबरायचं कारण नाही. माणिकप्पानं ते जसंच्या तसं भोंग्यावरून सांगितलं. कुणाला पटलं, कुणाला नाही, आणि माणसं आपापल्या चहाकडं वळली.

एक बाई मात्र थांबून राहिली. तनुजा तिचं नाव, बाजूलाच शिवणकामाचं दुकान. ती हळूच म्हणाली, "काका, माझा भाऊ गेला त्या साली. लस घेतल्यावर महिन्याच्या आत. त्यो त्यानंच गेला का?"

माणिकप्पानं माईक बंद केला, मॅडमना पुन्हा फोन लावला आणि तिच्या हातात दिला. ती दुकानाच्या पायरीवर बसून बोलत होती. मध्येच रडली. माणिकप्पा टेम्पोला टेकून उन्हात उभा राहिला. उमेदवाराच्या माणसाचा फोन दोनदा येऊन गेला, पण मोबाईल तिच्याकडं होता.

"काय म्हणल्या मॅडम?" तिनं फोन परत दिला तेव्हा त्यानं विचारलं.

"सगळं इचारलं त्यांनी. डोकं दुखत व्हतं का, ताप किती दिवस व्हता. त्याला खोकलाबी व्हता, तपासणी झाली नव्हती. आता खात्रीनं सांगता येणार न्हाई म्हणल्या. कागदं असतील तर घेऊन या म्हणल्या, बघते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आजवर ज्याला इचारलं त्यो म्हणायचा, लसीनंच गेला, न्हाईतर म्हणायचा, लसीनं कुणी मरत न्हाई. ह्या बाईनं ऐकून घेतलं."

"जाशील का लातूरला?"

"सोमवारी जाते. दुकान बंद असतं सोमवारी."

माणिकप्पानं तिला मॅडमचा नंबर कागदावर लिहून दिला आणि दवाखान्याची खूण समजावून सांगितली, स्टँडवरून कुठं वळायचं, कुठं उतरायचं. मग उमेदवाराच्या माणसाचा फोन पुन्हा आला. "माणिकराव, अहो तासभर झाला तुमचा आवाज नाही, कुठं आहात?"

"हितंच हाय, निघालो," तो म्हणाला. किल्ला मागं पडेपर्यंत त्यानं भोंगा चालू केला नाही. बहाद्दरपुऱ्याच्या फाट्यावर पारावर माणसं बसलेली दिसली, तेव्हा घसा खाकरून त्यानं माईक हातात घेतला.